भूक आणि मन

"आधी पोटोबा, मग विठोबा" ही म्हण आपण सर्वांनीच ऐकलेली आहे. पोट रिकामे असले तर देवाच्या भजनातही मन लागत नाही, असा तिचा साधा अर्थ. त्याचा अनुभव घेण्यासाठी देवळात जायलाही नको. सकाळी घाईत न्याहारी चुकलेली असावी, मधली सुट्टी अजून तासभर दूर असावी आणि फळ्यावर भूमितीचे प्रमेय चाललेले असावे. डोळे फळ्यावर असतात, पण लक्ष असते दप्तरातल्या डब्याकडे. कोणी सहज कोपर लावले तरी राग येतो. डबा खाल्ला की मात्र दहा मिनिटांत सगळे पूर्ववत होते.

ही झाली दोन-चार तासांची भूक. पण हीच भूक सहा महिने टिकली तर मनाचे काय होईल? माणसाचा स्वभाव बदलेल का? आणि पुन्हा पोटभर जेवण मिळू लागले की तो लगेच पहिल्यासारखा होईल का?

या प्रश्नांची उत्तरे देणारा एक प्रयोग १९४४-४५ साली अमेरिकेत झाला. युद्धात उपाशी राहिलेल्या लोकांना मदत कशी करावी हे शोधणे, हा त्याचा हेतू होता. पण पुढे त्याचा उपयोग अगदी वेगळ्या ठिकाणी झाला. समोर ताट वाढलेले असूनही जेवू न शकणाऱ्या रुग्णांचा आजार समजून घेण्यासाठी डॉक्टरांना तो प्रयोग कामी आला. हे कसे घडले ते या लेखात पाहू.

स्टेडियमखालची प्रयोगशाळा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जगात अनेक ठिकाणी लोक अन्नावाचून तडफडत होते. रशियातील लेनिनग्राड शहराला वेढा पडला होता. १९४३ साली आपल्याकडे बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली. युद्ध संपल्यावर अशा लक्षावधी लोकांना पुन्हा अन्न द्यावे लागणार होते. पण दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या माणसाला काय द्यावे, किती द्यावे आणि तो सुधारायला किती दिवस लागतील, याची शास्त्रीय माहिती फारच थोडी होती.

मिनेसोटा विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांनी ही माहिती मिळवण्याचे ठरवले. त्यांची प्रयोगशाळा विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमच्या बैठकींखाली होती. प्रयोगासाठी त्यांना निरोगी तरुण हवे होते. ते त्यांना मिळाले युद्धविरोधकांमधून. शस्त्र हाती धरणे आपल्या विवेकाला पटत नाही, असे सांगून सैन्यात जाण्यास नकार देणारे काही तरुण त्या वेळी अमेरिकेत होते. सैन्याऐवजी त्यांना इतर सार्वजनिक कामे करावी लागत. दूरदेशीच्या भुकेलेल्यांसाठी स्वतः उपाशी राहण्याची तयारी यांतील अनेकांनी दाखवली. त्यांतून शरीराने आणि मनाने धडधाकट अशा ३६ जणांची निवड झाली. सर्वांची वये २२ ते ३३ वर्षांच्या दरम्यान होती.

प्रयोग १९ नोव्हेंबर १९४४ रोजी सुरू झाला. पहिले बारा आठवडे सर्वांना पुरेसे जेवण देण्यात आले. रोज सुमारे ३,२०० उष्मांक, म्हणजे ज्याला आपण कॅलरी म्हणतो ते, पोटात जात होते. या काळात त्यांच्या शरीराची मोजमापे घेतली गेली आणि मानसशास्त्रीय चाचण्याही झाल्या. पुढे होणारे बदल ताडून पाहण्यासाठी ही आधीची नोंद आवश्यक होती.

१२ फेब्रुवारी १९४५ पासून खरी परीक्षा सुरू झाली. आहार निम्म्यावर आणला गेला. दिवसातून दोनदाच जेवण, आणि त्यातही पाव, बटाटे, सलगम, मॅकरोनी असे पदार्थ, कारण युद्धकाळात युरोपातील लोक असेच काहीबाही खाऊन दिवस काढत होते. दर आठवड्याला २२ मैल (सुमारे ३५ किलोमीटर) चालायचे, प्रयोगशाळेतील नेमून दिलेली कामे करायची आणि अभ्यासही करायचा. असे २४ आठवडे चालले.

शरीराची काटकसर

मिळकत निम्मी झाली की शहाणा गृहस्थ खर्च कमी करतो. शरीरही तेच करते. या तरुणांचे वजन सरासरी चतुर्थांशाने घटले. ६९ किलोचा माणूस ५३ किलोच्या आसपास आला. पण वजनापेक्षाही लक्षात घेण्यासारखी होती ती शरीराची काटकसर.

आपण स्वस्थ पडून असतो तेव्हाही हृदय, फुप्फुसे, मेंदू यांचे काम चालू राहण्यासाठी ऊर्जा लागते. हा झाला शरीराचा किमान खर्च. तो सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला. हृदयाचे आकारमान घटले आणि नाडी मंदावली. शरीराचे तापमान किंचित उतरले. ऐन उन्हाळ्यातही हे तरुण पांघरूण मागत. केस विरळ झाले, पायांवर सूज आली. बसण्याच्या जागी मांस उरले नाही, म्हणून ते खुर्चीवर उशी घेऊन बसत. जिना चढताना मध्येच थांबावे लागे.

या बदलांमागे आपल्या मेंदूतील हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग असतो. शरीरातील चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. त्याचा शोध १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लागला. चरबी घटली की लेप्टिनही घटते आणि कोठारातला साठा कमी झाल्याचा निरोप मेंदूला मिळतो. १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांना घ्रेलिन हे दुसरे संप्रेरक सापडले. ते मुख्यतः जठरातून येते आणि भूक वाढवते. निरोप मिळाला की मेंदू खर्चाला कात्री लावतो आणि माणसाला अन्न शोधायला लावतो. कीज यांच्या वेळी यांतले काहीच ठाऊक नव्हते. पण "अन्न शोधायला लावतो" म्हणजे नेमके काय, हे त्यांच्या डोळ्यांसमोर घडत होते.

मनात फक्त अन्न

प्रयोगापूर्वी हे तरुण जगातील घडामोडी, धर्म, शांतता अशा विषयांवर तासन्‌तास वाद घालत. काही आठवड्यांतच ते विषय मागे पडले. बोलणे, वाचणे, स्वप्न पाहणे सगळे अन्नाभोवती फिरू लागले. काही जण पाककृतींची पुस्तके जमवू लागले आणि ती कादंबरीसारखी वाचू लागले. सिनेमा पाहायला गेल्यावर प्रेमकथेकडे लक्ष नसे. पडद्यावर कोण काय खात आहे ते मात्र नेमके लक्षात राही.

जेवण्याच्या पद्धतीही बदलल्या. पाच-दहा मिनिटांत संपणारे ताट काही जण तास-दोन तास पुरवत. अन्नाचे बारीक तुकडे करायचे, त्यात पाणी घालून ते वाढवायचे, एकेक घास घोळवत खायचा आणि शेवटी ताटली चाटून स्वच्छ करायची, हे नेहमीचे झाले. चहा, कॉफी आणि च्युइंगम यांचे प्रमाण इतके वाढले की त्यांवर मर्यादा घालावी लागली. काही जणांना मोह आवरेना आणि बाहेर जाऊन चोरून खाण्याचे प्रकार घडले. तेव्हा बाहेर जाताना सोबत जोडीदार असलाच पाहिजे, असा नियम करण्यात आला.

स्वभावातही पालट झाला. हसतमुख मुले चिडखोर झाली. मित्राच्या खाण्याचा आवाजही सहन होईना. कोणाशी बोलू नये, एकटे बसावे असे वाटू लागले. उदासी वाढली. काही जणांची मनःस्थिती इतकी ढासळली की त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले. शेवटी जी माहिती निष्कर्षांसाठी वापरली गेली ती ३२ जणांची होती.

आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. आपली बुद्धी मंद झाली आहे, लक्ष लागत नाही, अशी तक्रार बहुतेकांनी केली. पण बुद्धिमत्तेच्या चाचण्यांत मात्र त्यांचे गुण फारसे घसरले नाहीत. बुद्धी होती तेवढीच होती; तिला दुसऱ्या कामासाठी मोकळीक उरली नव्हती. काही जणांच्या नजरेतही फरक पडला. आपण हाडांचा सापळा झालो आहोत हे त्यांना जाणवत नसे. उलट रस्त्यावरची चारचौघांसारखी माणसेच त्यांना फार लठ्ठ वाटू लागली.

एकादशी, दुप्पट खाशी

२८ जुलै १९४५ रोजी उपासमार संपली आणि टप्प्याटप्प्याने आहार वाढवण्यात आला. आता सगळे ताळ्यावर येईल अशी अपेक्षा होती. तसे झाले नाही. पहिल्या काही आठवड्यांत काही जण अधिकच उदास आणि चिडखोर झाले. जीवनसत्त्वे किंवा जादा प्रथिने देऊनही फारसा फरक पडला नाही. मुळात पुरेसे अन्न मिळाले, तेही सामान्य माणसाच्या गरजेपेक्षा जास्त आणि कित्येक महिने, तेव्हाच शरीर भरून आले.

बंधने उठल्यावर आणखी एक प्रकार दिसला. काही जण एरवीच्या दुप्पट-तिप्पट खाऊ लागले. पोट तुडुंब भरले तरी भूक शमेना. "एकादशी, दुप्पट खाशी" असे आपण थट्टेने म्हणतो. पण येथे थट्टा नव्हती. रिकामे झालेले कोठार भरेपर्यंत मेंदू भुकेची घंटा वाजवतच राहतो, असा त्याचा अर्थ होता. हे तरुण हावरट नव्हते. सहा महिने भूक सोसणाऱ्यांच्या निग्रहाबद्दल शंका घ्यायला जागाच नाही. पूर्ण बरे वाटायला कोणाला काही महिने लागले, तर कोणाला वर्षाहून अधिक काळ लागला. पण मने सुधारली ती शरीराच्या मागोमाग, हे स्पष्ट दिसले.

मदतकार्य करणाऱ्यांसाठी या अनुभवावर आधारलेली एक पुस्तिका १९४६ साली निघाली आणि १९५० साली कीज व त्यांच्या सहकाऱ्यांनी संपूर्ण वृत्तांत दोन जाड खंडांत प्रसिद्ध केला.

ताट समोर असूनही

आता दुसऱ्या आजाराकडे वळू. १६८९ साली रिचर्ड मॉर्टन या इंग्रज वैद्याने एका १८ वर्षांच्या मुलीची हकीगत लिहून ठेवली. तिला ताप नव्हता, खोकला नव्हता, तरी खाणे टाकल्यामुळे ती खंगत चालली होती. पुढे १८७३ साली लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये शार्ल लासेग या दोन डॉक्टरांनी अशा रुग्णांची वर्णने स्वतंत्रपणे मांडली. गल यांनी दिलेले 'ॲनोरेक्झिया नर्व्होसा' हे नाव आजही चालू आहे. त्याचा शब्दशः अर्थ 'मज्जासंस्थेमुळे भूक नाहीशी होणे' असा होतो. पण हे नाव दिशाभूल करणारे आहे. या रुग्णांची भूक बहुधा गेलेली नसते. वजन वाढेल या तीव्र भीतीने ते भुकेशी झगडत असतात. शरीर अगदी वाळले तरी आरशात त्यांना आपण जाडच दिसतो.

हा आजार बहुधा किशोरवयात सुरू होतो. मुलींमध्ये तो अधिक आढळतो, पण मुलांनाही होतो. यात हाडे ठिसूळ होतात, मुलींची मासिक पाळी थांबू शकते, हृदयाचे ठोके अनियमित होतात. मानसिक आजारांपैकी सर्वांत जास्त मृत्यू ज्या आजारांत होतात, त्यांत याची गणना होते. म्हणूनच याला 'नखरे' किंवा 'फॅशन' म्हणून उडवून लावणे चुकीचे आहे.

या रुग्णांचे वागणे डॉक्टरांना कोड्यात टाकत असे. जी मुलगी स्वतः जेवत नाही, ती घरच्यांसाठी मात्र हौसेने स्वयंपाक करते. पाककृती जमवते. पोळीचे बारीक बारीक तुकडे करून तास तास बसते. मैत्रिणींना टाळते, चिडते, उदास राहते, सारखी थंडी वाजते म्हणते. असे का? तिचा स्वभावच विचित्र, आईबापांनी तिला नीट वाढवले नाही, अशी नाना कारणे एके काळी सांगितली जात.

आता वर दिलेले मिनेसोटाच्या तरुणांचे वर्णन आठवून पाहा. पाककृतींची पुस्तके, अन्नाचे तुकडे, तासभर चालणारे जेवण, चिडचिड, एकटेपणा, थंडी. हे सर्व त्या ३६ तरुणांत दिसले होते, आणि त्यांना तर कोणताही मानसिक आजार नव्हता! मग उघड झाले की ज्या गोष्टींना डॉक्टर आजाराचे कारण समजत होते, त्यांतल्या पुष्कळशा उपासमारीचा परिणाम होत्या. कोणाच्याही मनाला सहा महिने उपाशी ठेवले तर ते असेच वागेल.

दुष्टचक्र

मग हा आजार म्हणजे नुसती उपासमार आहे काय? नाही. मिनेसोटाच्या तरुणांना अन्न हवे होते आणि ते मिळताच त्यांनी आनंदाने खाल्ले. या रुग्णांना अन्न मिळत असूनही खाण्याची भीती वाटते. हा फरक मोठा आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून या आजारात आनुवंशिकतेचा वाटा असल्याचे दिसते. २०१९ साली सुमारे १७ हजार रुग्णांच्या गुणसूत्रांची तपासणी प्रसिद्ध झाली. तिच्यात या आजाराशी संबंधित अशी आठ ठिकाणे सापडली. त्यांचा संबंध मनाच्या ठेवणीशी होता, तसाच शरीर ऊर्जा कशी वापरते याच्याशीही होता.

तेव्हा आजचे चित्र साधारण असे आहे. कोणाला वजनावरून टोमणा बसतो, कोणाला नृत्याच्या किंवा खेळाच्या स्पर्धेसाठी सडपातळ व्हायचे असते, कोणी परीक्षेच्या वा घरच्या ताणाखाली असते. खाणे कमी होते. बहुतेक जण थोड्या दिवसांत पुन्हा नीट जेवू लागतात. पण ज्यांची जन्मजात ठेवण वेगळी असते, त्यांतील काहींना न खाल्ल्याने तात्पुरते शांत वाटू लागते. वजन उतरते. उपाशी मेंदू अन्नाशिवाय दुसरा विचार करू देत नाही, भीती वाढवतो, मन ताठर करतो. ती भीती कमी करण्यासाठी आणखी कमी खाल्ले जाते. असे हे चक्र फिरत राहते.

दुसऱ्या काही जणांत चक्राला वेगळे वळण लागते. मिनेसोटाच्या तरुणांप्रमाणे दीर्घ उपासानंतर भुकेचा लोंढा येतो, अनावर खाल्ले जाते, मग लाज आणि भीती वाटून पुन्हा कडक उपास किंवा खाल्लेले शरीराबाहेर टाकण्याचे घातक प्रयत्न केले जातात. लंडनच्या जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली या आजाराचे वर्णन करून त्याला 'ब्युलिमिया नर्व्होसा' हे नाव दिले. यातील रुग्णाचे वजन बहुधा चारचौघांसारखेच असते, त्यामुळे आजार वर्षानुवर्षे लपून राहतो.

चक्र तोडायचे तर सुरुवात कोठून करायची? मिनेसोटाच्या प्रयोगाने याचे उत्तर दिले आहे: अन्नापासून. उपाशी मेंदूशी वाद घालून उपयोग होत नाही. आधी शरीर भरून यावे लागते; मग समुपदेशनाचा परिणाम होतो. लहान वयाच्या रुग्णांसाठी लंडनच्या मॉड्स्ले रुग्णालयात १९८०च्या दशकात एक पद्धत पुढे आली. तिच्यात आईवडिलांना दोष न देता त्यांनाच उपचारात सामील करून घेतात आणि मुलाच्या जेवणाची जबाबदारी काही काळ त्यांच्याकडे सोपवतात. मात्र फार खंगलेल्या रुग्णाला घरच्या घरी एकदम भरपूर खाऊ घालणे धोक्याचे असते. एकाएकी अन्न मिळाल्याने रक्तातील फॉस्फेटसारख्या क्षारांचे प्रमाण घसरते आणि जिवावर बेतू शकते. म्हणून हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच झाले पाहिजे. वेळीच उपचार मिळाले तर पुष्कळ रुग्ण बरे होतात.

आपण काय करावे?

विद्यार्थी मित्रांनो, तुमचे वय वाढीचे आहे. या वयात उंची, हाडे, मेंदू सगळेच घडत असते आणि त्यासाठी वजन वाढावेच लागते. तेव्हा न्याहारी आणि जेवण चुकवू नका. वजनाविषयी शंका असेल तर मासिकातले किंवा मित्राने सांगितलेले पथ्य सुरू न करता डॉक्टरांना विचारा. 'जाड्या', 'सुकडी' अशी नावे वर्गात सहज ठेवली जातात. त्यांतून एखाद्याच्या मनात काय सुरू होईल हे सांगता येत नाही. शिक्षकांनीही मुलांची वजने साऱ्या वर्गासमोर मोठ्याने वाचू नयेत.

एखादी मैत्रीण किंवा मित्र मधल्या सुट्टीत डबा टाळत असेल, सर्वांबरोबर खायला कचरत असेल, सतत वजनाचेच बोलत असेल, वारंवार चक्कर येते वा थंडी वाजते म्हणत असेल, तर त्याला चिडवू नका आणि उपदेशही करू नका. "तू बरा आहेस ना? मला काळजी वाटते," एवढे विचारा आणि आई-बाबांना किंवा विश्वासातल्या शिक्षकांना सांगा. ही चहाडी नव्हे. ताप आलेल्या मित्राला आपण घरी पोचवतो, तसेच हे आहे. भारत सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. तिच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

आणि त्या ३६ तरुणांचे काय झाले? २००३-०४ साली दोन संशोधकांनी त्यांचा शोध घेतला, तेव्हा १९ जण हयात होते. त्यांतील १८ जणांनी मुलाखती दिल्या. वयाची ऐंशी वर्षे मागे टाकलेले हे आजोबा तेव्हाचे दिवस विसरले नव्हते. पुन्हा वेळ आली तर आपण पुन्हा तेच करू, असे त्यांनी सांगितले. त्यांनी भूक सोसली ती युद्धात होरपळलेल्या लोकांसाठी. तिचा उपयोग आज कोणाच्या तरी घरात ताटासमोर रडत बसलेल्या मुलीलाही होत आहे. हिचे मन दुष्ट किंवा दुबळे नाही, ते उपाशी आहे, हे त्यांच्यामुळेच डॉक्टरांना आणि आपल्याला कळले.